नळीत अडकलेला वारा

मी विमान बोलतोय. पण लगेच आभाळाकडं बघू नका, मी तिथं नाही. कोल्हापुरात उद्यमनगरच्या मागच्या अंगाला एक बैठं घर आहे, घराच्या परसात पत्र्याचं शेड आहे आणि त्या शेडमध्ये जुन्या चादरींच्या पांघरुणाखाली मी उभा आहे. पुढचं चाक मोडलंय म्हणून नाकाखाली लाकडाचा ओंडका लावलेला आहे. दुसरी विमानं आपण किती देश बघितले ते सांगत असतील. मी सबंध आयुष्यात नऊ मिनिटं उडालो. त्या नऊ मिनिटांनी तीन माणसांची बारा वर्षं खाल्ली. आणि त्यामागचं खरं काय ते आपल्यालाच तेवढं ठाऊक आहे, अशा भ्रमात मीही बारा वर्षं काढली.

रोज दुपारी साडेचारच्या सुमाराला पत्र्याच्या भोकातून उन्हाची एक तिरीप आत येते आणि माझ्या वेगाच्या मीटरवर पडते. त्या दिवशी मी जमीन सोडली तेव्हाही साडेचारच वाजले होते. तिरीप आली की मला सीटवर वजन जाणवतं. कुणीतरी बसतं. पायाखालचं पेडल किंचित दबतं, आणि माझ्या पंखाखालच्या नळीत वारा शिरताना एकच शब्द ऐकू येतो, ‘जोती’. मग तिरीप सरकते, वजन उठून जातं. उंदीर असतील म्हणाल. उंदीर मला चांगले ठाऊक आहेत, माझ्या सीटचा निम्मा कापूस त्यांनीच पळवलाय. त्यांचं वजन एवढं नसतं.

असो. पहिल्यापासून सांगतो.

१९९२ च्या मे महिन्यात मुंबई बंदरातून निघालेला एक ट्रक या घराच्या दारात थांबला आणि तीन लाकडी पेट्या उतरल्या. तोच माझा जन्म म्हणायचा. पेट्यांमध्ये अॅल्युमिनियमच्या नळ्या, पंखांचं कापड, एक छोटं इंजिन, पिशव्या भरभरून रिव्हेट आणि बोल्ट, आणि भिंतीएवढे नकाशे. घरी बसून आपल्या हातानं जोडायचं विमान. अमेरिकेत म्हणे लोक सुट्टीच्या दिवशी असली विमानं जोडतात. आमच्या कोल्हापुरात सुट्टीच्या दिवशी लोक मटण आणायला जातात. माझे मालक शिवप्रसाद पडले शाकाहारी लिंगायत, त्यांना सुट्टीला दुसरा काहीतरी उद्योग हवाच होता.

शिवप्रसाद मूळचे गडहिंग्लजकडचे. उद्यमनगरात त्यांचा लेथचा कारखाना होता, ऑईल इंजिनाचे सुटे भाग बनायचे. लहानपणी गावात उसावर औषध मारायला एक विमान आलं होतं. त्याच्यामागं धावता धावता ते पाटात पडले आणि हात मोडून घेतला. हात बसला, पण डोक्यात शिरलेलं विमान काही बाहेर निघालं नाही. एका फ्लाईंग क्लबात जाऊन ते काही तास उडायला शिकूनही आले होते.

त्यांच्या जोडीला जोतीराम. शाहूवाडीकडच्या भातशेतीवाल्या घरातला, हाडापेरानं मजबूत, वेल्डिंग आणि फिटिंगमध्ये त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. कारखान्यात तो कामगार, पण शेडमध्ये आला की बरोबरीचा. शिवप्रसादांना तो अण्णा म्हणायचा आणि त्यांच्या बायकोला वैनी. इंग्रजीचा त्याला गंध नव्हता. अक्षरं तुम्ही वाचा, चित्र मी वाचतो, असा त्यांचा करार झाला. शिवप्रसाद डिक्शनरी मांडीवर घेऊन एकेक ओळ लावायचे, आणि ते ओळीच्या शेवटाला पोचायच्या आत जोतीरामनं चित्र बघून नळी जागेवर बसवलेली असायची.

तिसरी रुद्राणी, शिवप्रसादांची बायको. आधी तिनं चार दिवस अबोला धरला. मग पहिल्याच वर्षी पावसाळ्यात शेड गळायला लागलं आणि माझे दोन्ही पंख घरात सोप्यावर आले. सांगाड्यावर कापड चढवून झालं होतं, पण ते ढिलं होतं. हे कापड गरम इस्त्री फिरवली की आवळतं, असं पुस्तकात लिहिलेलं. पुरुषांनी इस्त्री फिरवून एक कोपरा जाळून घेतला. तेव्हा रुद्राणीनं पदर खोचला, दोघांना बाजूला सारलं आणि घरातलीच इस्त्री घेऊन बसली. आठ दिवस ती माझ्या पंखांवर इस्त्री फिरवत होती. कापड असं ताणलं गेलं की टिचकी मारली तर हलगीसारखं वाजायचं. माझ्या अंगावर सगळ्यात जास्त हात कुणाचा फिरला असेल, तर तो रुद्राणीचा. हे लक्षात ठेवा.

बघ्यांना काही तोटा नव्हता. कोल्हापूरकराला दुसरं काही जमो न जमो, सल्ला द्यायला जमतो. कुणी म्हणे चाकं स्कूटरची घाला, कुणी म्हणे इंजिन बुलेटचं बसवा. शेजारच्या बायडाबाई चष्मा पुसून बराच वेळ माझ्याकडं बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “इमान व्हय? मला वाटलं मांडवाच्या नळ्या आल्यात.” मला राग आला होता, खोटं कशाला बोलू.

शिवप्रसादांची मुलगी शांभवी तेव्हा सहा-सात वर्षांची. तिला त्यांनी एक गोष्ट नीट समजावून दिली होती, आणि सगळं पुढचं रामायण त्या गोष्टीवरूनच घडलं, म्हणून तुम्हालाही सांगतो. माझ्या डाव्या पंखाखाली पुढं तोंड काढलेली एक बारीक नळी आहे, बोरूएवढी. उडताना समोरचा वारा त्या नळीत शिरतो, तो आतल्या मीटरला ढकलतो आणि मीटरची सुई वेग दाखवते. “हे विमानाचं नाक बरं का,” असं शिवप्रसादांनी तिला सांगितलं. “यातनं ते वारा हुंगतंय.” एरवी त्यात कुंभारमाशी घर करेल म्हणून नळीवर तांबड्या कापडाची एक टोपी चढवलेली असायची. उडायच्या आधी ती काढणं हे जोतीरामचं काम.

नाक. रुद्राणीही तिथंच उभी होती. तिनंही ते ऐकलं.

१९९५ साली मी पुरा झालो. दिल्लीहून परवानगीचे कागद यायचे होते. तोवर मला नुसतं जमिनीवर पळवून बघायचं ठरलं. जोतिबाच्या डोंगरामागं ओळखीच्या एका माणसाचा लांबलचक माळ होता. दसऱ्याचा मुहूर्त धरला. रुद्राणीनं नवऱ्याकडून शब्द घेतला, की चाकं जमिनीवरून उचलायची नाहीत. त्यांनी देवाच्या पुढ्यात शब्द दिला. मीटरची सुई ताशी तीस मैलांवर गेली की इंजिन बंद, कारण पस्तीसला मी उचलला जाणार, हे पुस्तकात छापलेलंच होतं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी. त्या दिवशी उद्यमनगरात लेथ, वेल्डिंगची मशिनं, पाने, हातोडे, सगळ्यांची पूजा असते. यंत्रं त्या दिवशी धुऊन पुसून देवासारखी बसतात. माझीही पूजा झाली. जोतीरामनं नळीवरची तांबडी टोपी काढली. देवापुढं डोक्यावर टोपी कशाला, म्हणून. रुद्राणीनं विभूतीचा खडा पाण्यात उगाळला आणि तीन बोटांनी माझ्या पुढच्या तोंडावर तीन पट्टे ओढले. ती रोज सकाळी नवऱ्याच्या कपाळावर ओढायची तसेच. मग तिला काय वाटलं कुणास ठाऊक. वाटीत उरलेली ओली विभूती बोटावर घेऊन ती पंखाखाली वाकली आणि माझ्या त्या नळीच्या तोंडाला लावली. चांगली दाबून, मायेनं, लहान लेकराच्या नाकाला लावावी तशी.

शिवप्रसाद नारळ फोडत होते. जोतीराम झेंडूचा हार बांधत होता. कुणी बघितलं नाही. मी बघितलं, पण मला तोंड कुठं होतं. नंतर जोतीरामनं टोपी परत चढवली आणि आत विभूती रात्रभर वाळून चुन्यासारखी घट्ट झाली.

दुसऱ्या दिवशी ट्रकवरून मी माळावर आलो. जोतीरामनं पंख जोडले, एकेक बोल्ट दोनदा आवळला, टोपी काढून आपल्या खिशात घातली. नळीत डोकावून त्यानं बघितलं नाही. टोपी होती म्हणजे आत माशी नाही, एवढाच त्याचा हिशेब. शिवप्रसाद बसले. इंजिन सुरू झालं आणि मी पळायला लागलो.

सुई वीसवर आली, पंचवीसवर आली आणि तिथंच थांबली. विभूतीत केसाएवढी फट राहिली होती, वारा तेवढ्यातूनच जात होता. शिवप्रसादांना वाटलं, अजून वेग कमीच आहे. त्यांनी आणखी जोर दिला. माझ्या पंखांना कळत होतं की चाळीस झाले. रुद्राणीनं ताणलेलं ते कापड वाजायला लागलं होतं. थांबा, थांबा, असं मी अंगातल्या प्रत्येक रिव्हेटनिशी सांगत होतो, पण माणूस काचेतल्या सुईवर विश्वास ठेवतो. आणि एकाएकी चाकांचा आवाज बंद झाला.

त्यांनी मला उचललं नाही. मी उचलला गेलो. हे मला सगळ्या जगाला सांगायचं आहे, पण ज्यांना सांगायला हवं त्यांच्यापर्यंत माझा आवाज जात नाही.

पुढं माळ संपत होता, खाली टेकवायला जागा नव्हती. मग त्यांनी मला वर नेलं. पहिली दोन मिनिटं शिवप्रसाद हसत होते. मोठ्यानं, एकटेच. गुलालानं तांबडा झालेला जोतिबाचा डोंगर खाली दिसत होता, पन्हाळ्याची तटबंदी दिसत होती, उसाच्या फडांमधून पळणारा जोतीराम दिसत होता. त्या दोन मिनिटांसाठी मी जन्मलो असं मला आजही वाटतं, आणि तसं वाटल्याची लाजही वाटते.

मग त्यांनी सुईकडं बघितलं. पंचवीस. पंचवीसवर विमान आभाळात राहूच शकत नाही, ते दगडासारखं खाली येतं. त्यांचं हसू गेलं. आता पडणार, आता पडणार, या भीतीनं ते माझं तोंड खाली दाबत राहिले आणि इंजिनाचा जोर काही कमी करेनात. दोन फेऱ्या झाल्या. शेवटी माळावर उतरलो तेव्हा माझा वेग दुप्पट होता. मी उसळलो, पुन्हा आपटलो, माळ संपला आणि दगडी बांध आला.

जोतीराम सगळ्यांच्या आधी पोचला. शिवप्रसाद शुद्धीवर होते. “सुई,” ते म्हणाले, “जोती, सुई...” तेवढंच. लोकांनी त्यांना जीपमध्ये घातलं. माझी पेट्रोलची टाकी फुटली होती, कुणीतरी थांबायला हवं होतं, म्हणून जोतीराम मागं राहिला. जीप डोंगराला वळसा घालून दिसेनाशी झाली. दवाखाना यायच्या आतच सगळं संपलं होतं, हे त्याला नंतर कळलं.

एकटा राहिल्यावर तो माझ्या पंखाखाली बसला. आपटल्यानं ती केसाएवढी फटही बुजली होती. नळीला तोंड लावून त्यानं फुंकलं. सुई हलली नाही. खिशातून बारीक तार काढून नळीत घातली, तर तळहातावर पांढरा चुरा पडला. जोतीरामनं तो हुंगला. मठातून आणलेल्या विभूतीला कापराचा वास असतो. शिवप्रसादांच्या कपाळाला तो वास रोज यायचा, दहा वर्षं त्यानं तो शेजारी उभं राहून घेतलेला.

तो कितीतरी वेळ हातातल्या चुऱ्याकडं बघत राहिला. मग त्यानं नळी आतून साफ केली, चुरा मातीत मिसळला, खिशातली तांबडी टोपी काढली आणि ती माझ्या नळीवर परत चढवली.

पोलिसांनी पंचनाम्यात तेच लिहिलं. टोपी नळीवर आढळली, ती ताब्यात घेतली.

तिसऱ्या दिवशी मला परत शेडमध्ये आणून ठेवलेलं. परसात पाहुणे बसले होते. जोतीराम आला आणि सगळ्यांच्या देखत रुद्राणीसमोर उभा राहिला. “अण्णांनी शब्द मोडला न्हाय वैनी,” तो म्हणाला. “टोपी काढायची माझ्या हातनं ऱ्हायली.”

रुद्राणी रडली नाही. पदर सावरून तिनं एवढंच सांगितलं, की भावजी, या दारात परत पाऊल टाकू नका. आणि आत निघून गेली.

जोतीराम दुसऱ्या एका कारखान्यात लागला. माझ्या शेडमागच्या बोळातून कामगार ये-जा करायचे, त्यांच्या बोलण्यातून मला सगळं कळायचं. त्याचं नावच ‘टोपी’ पडलं होतं. ए टोपी, बोल्ट आवळलास का? ए टोपी, बघ, काय ऱ्हायलं न्हाई न्हवं? आमच्या गावाची जीभ सरळ आहे, पण तिला धार फार. उद्यमनगरातला सगळ्यात नेटका फिटर, आणि एकही माणूस त्याच्या हातच्या कामावर डोळे झाकून विश्वास ठेवेना. तो उलट उत्तर द्यायचा नाही म्हणे.

मला भंगारात मागायला लोक आले. रुद्राणीनं सगळ्यांना परत पाठवलं. त्यांच्या हातचं आहे, राहू दे. ज्यानं नवरा नेला त्याला ती घरात ठेवून घेते, याचं लोकांना नवल वाटायचं. मलाही वाटायचं.

मग १९९६ ची खंडेनवमी आली. रुद्राणी शेडमध्ये आली, यंत्रांची पूजा केली आणि माझ्यासमोर उभी राहिली. विभूतीची वाटी हातात. तीन बोटं माझ्या तोंडावर फिरली. आणि मग ती पंखाखाली वाकली. मी मनातल्या मनात किंचाळलो. ओली, गार विभूती पुन्हा माझ्या नळीच्या तोंडाशी बसली. माझा श्वास कोंडला. जिनं आठ दिवस इस्त्री फिरवून मला पंख दिले, तीच दुसऱ्यांदा माझं नाक बुजवत होती, आणि तिला काही पत्ता नव्हता. निदान तेव्हा तरी नव्हता.

दुसऱ्या दिवशी दसऱ्याला आई आणि मुलगी सोनं द्यायला पाहुण्यांकडं गेल्या. दुपारी कुलूप उघडल्याचा आवाज झाला. जोतीराम होता. शेडची एक किल्ली पहिल्यापासून त्याच्याकडं होती, ती कुणी परत मागितली नव्हती. त्यानं बारीक तारेनं माझी नळी साफ केली, खाली पडलेला चुरा रुमालात गोळा केला. दोन आपट्याची पानं सीटवर ठेवली, आणि जाताना ती पुन्हा उचलून घेतली. खूण राहायला नको म्हणून. वैनी यंदाही पूजा करणार हे त्यानं ताडलं होतं; कुणी हा पांढरा चुरा बघेल, कुणाला तरी उमगेल आणि वैनीच्या कानावर जाईल, या धास्तीनं तो आला होता, एवढं मला कळत होतं.

मग ते दरवर्षीचंच झालं. खंडेनवमीला ती भरायची, दसऱ्याला तो काढायचा. अकरा वर्षं. त्याचे केस पिकले, पाठ वाकली. ती मात्र विभूतीचा खडा दरवर्षी तशीच उगाळायची, फक्त स्वतःच्या कपाळाला लावायची नाही. नवरा गेला म्हणून लावत नसेल, असं मी धरून चाललो. लिंगायत घरात नवरा गेलेल्या बाईलाही विभूतीला आडकाठी नसते, हे अॅल्युमिनियमच्या मला कुठं ठाऊक. दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी ती शेड झाडायला यायची आणि माझ्या पंखाजवळ जरा जास्त वेळ थांबायची. नवऱ्याची आठवण येत असेल, असं मी मनाशी म्हणायचो. मी अकरा वर्षं इतका मूर्ख होतो.

आणि रोज साडेचारला तिरीप, सीटवरचं वजन आणि ‘जोती’ अशी हाक. जोती बोलत नव्हता. मला बोलता येत नव्हतं. मग हाक मारणाऱ्यानं जायचं कुठं?

यंदा, २००७ च्या दसऱ्याला, कुलूप वाजलं नाही.

मी संध्याकाळपर्यंत वाट बघितली. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी रुद्राणी झाडू घेऊन आली, पंखाखाली वाकली आणि तशीच वाकून राहिली. मग ती झाडू टाकून स्टुलावर बसली. शेड झाडलंच नाही. त्यानंतर ती रोज यायची, वाकून बघायची आणि परत जायची.

दिवाळीच्या सुट्टीत शांभवी आली. ती आता सांगलीला इंजिनिअरिंगला आहे. तिच्या कॉलेजला मी हवा होतो, पोरांना शिकायला. माझा काय काय भाग धड आहे ते ती बघत होती. सगळं टिपून झाल्यावर तिनं नळीला तोंड लावून हळूच फुंकलं. सुई हलली नाही. तिनं तार घातली. तळहातावर पांढरा चुरा पडला आणि तिनं तो हुंगला, अगदी बारा वर्षांपूर्वी जोतीरामनं हुंगला होता तसाच. हुशार पोर. माझ्या तोंडावरच्या तीन पट्ट्यांकडं तिनं बघितलं, मीटरकडं बघितलं, आणि तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला.

दारात तिची आई उभी होती. काय सापडलं, तिनं विचारलं.

“काय न्हाई अव्वा,” शांभवीनं मूठ मिटली. “कुंभारमाशीचं घर हाय.”

“कुंभारमाशीचं घर मातीचं असतंय, तांबडं,” रुद्राणी म्हणाली. “मूठ उघड.”

शांभवी उघडेना. तेव्हा रुद्राणी स्टुलावर बसली आणि तिनं पोरीला सगळं सांगितलं. नवरा गेल्यावरच्या पहिल्या खंडेनवमीला तिनं सवयीनंच लावली होती. तिसऱ्या दिवशी झाडताना बघते, तर तोंडावरचे पट्टे जसेच्या तसे, नळीची तेवढी गेलेली. किल्ली एकाच माणसाकडं. तो येऊन नेमकी तेवढीच का काढेल, याचा विचार करता करता तिला उड्डाणाच्या आदल्या दिवशीची वाटी आठवली आणि सगळं कळून चुकलं. दुसऱ्या वर्षी तिनं मुद्दाम भरली. ती पुन्हा निघालेली दिसली. तेव्हापासून दरवर्षी ती विचारत होती आणि तो सांगत होता.

“मग जाऊन बोलली का न्हाईस अव्वा? अकरा वर्षं ते लोकांचं ऐकून घ्यायला लागलेत.”

रुद्राणी आपल्या तीन बोटांकडं बघत होती. “गेलं असतं तर त्यानं परत खोटंच सांगितलं असतं,” ती म्हणाली. “आणि मला ते खोटंच पायजे हुतं गं. त्याच्यावरच जगले.” मग तिनं पदरानं तोंड पुसलं. “ह्या वर्षी आला न्हाई. जा, जित्ता हाय का बघून ये. असला तर घेऊन ये.”

जोतीराम जिवंत होता. आषाढात त्याच्या अंगावरून वारं गेलं होतं, उजवी बाजू लुळी पडली होती, आणि तो शाहूवाडीला गावी जाऊन पडला होता. शांभवी त्याला गाडी करून घेऊन आली. बायको तानाबाईच्या खांद्यावर भार टाकत तो परसातून आला आणि शेडच्या उंबऱ्यापाशी थांबला. अकरा वर्षं चोरून ओलांडलेला तो उंबरा उघडपणे ओलांडायला त्याचा पाय उचलेना.

“या भावजी,” रुद्राणी म्हणाली.

तिनं त्याला स्टुलावर बसवलं. मग ती समोर जमिनीवर बसली. पत्र्यावर कावळ्याची पावलं तेवढी वाजत होती.

“भावजी, त्या दिवशी टोपी काढली हुती न्हवं तुम्ही?”

जोतीरामनं माझ्याकडं बघितलं, शांभवीकडं बघितलं. त्याची जीभ जड झाली आहे, पण मला वाटतं ती झाली नसती तरी त्याला तेवढाच वेळ लागला असता.

“काढलीती, वैनी.”

“मग कुठं हुती?”

“खिशात.” त्याचा चांगला डोळा भरून आला. “खिशात हुती.”

तानाबाईच्या तोंडून हुंदका फुटला. नवऱ्याला गावानं बारा वर्षं टोपी म्हटलं होतं, आणि तिलासुद्धा त्यानं हे सांगितलं नव्हतं. रुद्राणीनं तिच्यापुढं हात जोडले. जोतीरामच्या पायावर डोकं ठेवायला ती वाकली, पण त्यानं डाव्या हातानं तिला अडवलं. मग ती उठली, तार घेतली आणि आपल्याच हातानं माझी नळी साफ करायला लागली. हळूहळू, जपून. सगळा चुरा तिच्या तळहातावर आला. तो तिला टाकवेना आणि ठेवताही येईना.

“लावा, वैनी,” जोतीराम म्हणाला. “इभुतीचा काय दोष न्हाई.”

तिनं आधी तीन पट्टे त्याच्या कपाळावर ओढले, मग स्वतःच्या. कापराचा वास शेडभर पसरला.

शांभवीनं नळीला तोंड लावून फुंकलं. मीटरची सुई उठली, तीसवर आली, पस्तीसवर आली आणि चाळीसवर जाऊन थरथरत राहिली. त्या दिवशी माळावर ती इथं यायला हवी होती. बारा वर्षं उशीर झाला, पण ती खोटं बोलली नाही.

जाताना जोतीरामनं खिशातून शेडची किल्ली काढून पुढं केली. रुद्राणीनं ती त्याच्या डाव्या हातात परत ठेवली आणि त्याची बोटं मिटवली.

परवा कॉलेजचा ट्रक येणार आहे. मी पुन्हा उडणार नाही, हे मला माहीत आहे. पोरं मला उघडतील, जोडतील, प्रश्न विचारतील, आणि खंडेनवमीला तिथंही कुणीतरी माझ्यासमोर वाटी घेऊन उभं राहील. पोरांनो, हळद लावा, कुंकू लावा, विभूती लावा, मला आवडतं. फक्त कपाळाला लावा. माझ्या वाऱ्याच्या वाटेला हात लावू नका. आणि तुमच्यासाठी कुणी खोटं अंगावर घेतलं असेल, तर त्याच्या दारात जायला अकरा दसरे लावू नका.

आज साडेचारला तिरीप आली. मीटरची काच उजळली. मी सवयीनं वजनाची वाट बघत राहिलो. सीट रिकामीच राहिली, आणि मोकळ्या नळीतून नुसता वारा गेला.